'जी' आणि 'बे'

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. तिथे महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत गर्दी दोन्हीकडे जाते. बातमीत 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक' हे ठरलेलं वाक्य येतं. मला त्याहून तिकडच्या बोलीतला एक लहानसा शब्द मोलाचा वाटतो: 'जी'. 'सरका न जी', 'बसा न जी'. समोरचा कोण, कुठल्या धर्माचा, हे कळण्याआधीच तो 'जी' लागलेला असतो.

त्याच बोलीची माणसं नागपुरात आली की 'जी' मागे पडतो आणि 'बे' पुढे सरसावतो. दोस्ताला 'काय बे' म्हणण्यात माया आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण विशीतला पोरगा साठीच्या चौकीदाराला 'गेट खोल बे' म्हणतो तेव्हा कान तापतात.

मराठीत 'प्लीज'ला रोजचा शब्द नाही म्हणून आपण उद्धट, असं काही जण सांगतात. पटत नाही. आपलं सौजन्य क्रियापदात असतं. 'दे'चं 'द्याल का' होतं, निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. शहरात हे क्रियापदच आखडतं. कारण उघड आहे: गावात वाकडं बोललेलं संध्याकाळपर्यंत घरी पोचतं, शहरात तो माणूस पुन्हा भेटणारच नसतो. (गावाचं फार कौतुकही नको. जात पाहून 'अरे-तुरे' करायला आपण गावातच शिकलो.)

आपल्याला हे चांगलं माहीत आहे. फोनवर 'या ना, खोली बघून जा' म्हणणारा घरमालक नाव ऐकून 'तुम्ही'वरून 'तू'वर येतो, ते बोचतं. बोचायलाच हवं.

पण जुम्याला मशिदीबाहेर काय दिसतं? आडव्यातिडव्या लावलेल्या मोटारसायकली, दुकानाचं शटर अडलेलं, रिक्षातली बाई ताटकळलेली. दुकानदार बोलला तर उत्तर मिळतं, 'पाच मिनिटांत काय बिघडतं?' रसूलुल्लाहांनी (स.) रस्त्याला त्याचा हक्क द्यायला सांगितलं आहे: नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामचं उत्तर द्या. ही हदीस बुखारीत आहे. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला लोकांपासून तोंड फिरवू नको, आवाज खाली ठेव, असं सांगतो. आपण मात्र आत एकमेकांना सलाम करतो आणि बाहेर शेजाऱ्याची वाट अडवतो.

खुतब्याआधीच्या तकरीरीत वुजूचे बारकावे येतात, गाडी कुठे लावावी हे क्वचितच येतं. येत्या जुम्याला इमामसाहेबांनी तेवढंच सांगावं आणि दोन तरुणांना फाटकाशी उभं करावं. त्यांनी येणाऱ्याला म्हणावं, 'गाडी तिकडे लावा न जी.'