सेन्सेक्सला चाकणची हवा कळते का?

३ जून २०२४, सोमवार. चाकण एमआयडीसीत ट्रेनी असलेला माझा मित्र सेकंड शिफ्टला निघायच्या आधी मोबाइलला चिकटून बसला होता. शनिवारी आलेल्या बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या. सेन्सेक्स त्या दिवशी तब्बल २,५०७ अंकांनी वर गेला. ‘मार्केटला सगळं आधीच कळतं रे,’ म्हणत त्याने निफ्टीचा कॉल घेतला. मंगळवारी मतमोजणी झाली. भाजप २४० वर थांबला, एनडीए २९३ वर. सेन्सेक्स ४,३९० अंकांनी आपटला आणि मित्राचे दोन पगार गेले.

मार्केटला खरंच कळतं का?

आधी सट्टा बाजार बघू. सट्टा बेकायदा आहे, तरी निवडणूक आली की राजस्थानातल्या फलोदीचे भाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतातच. भाव जितका कमी, तितकी जिंकण्याची शक्यता जास्त. समजा एखाद्या उमेदवाराचा भाव २५ पैसे आहे, म्हणजे रुपया लावून जिंकलात तर वर २५ पैसे. याचा अर्थ, बाजाराच्या मते शक्यता ८० टक्के. आपण मात्र ते ‘फिक्स’ असं वाचतो. उरलेले २० टक्के विसरूनच जातो.

शेअर बाजाराचं तर गणितच वेगळं. कोण जिंकणार, यापेक्षा कोण आलं तर नफ्याचं काय होईल, याची किंमत तिथे ठरते. २००४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला १३ मे रोजी, पण सेन्सेक्स ११ टक्के कोसळला १७ मे रोजी. डाव्यांच्या पाठिंब्यावरच्या सरकारची ती धास्ती होती. ते भाकीत नव्हतं, निकालानंतरची प्रतिक्रिया होती.

‘पण अनेकांचं मत एकत्र केलं की अंदाज बरोबर येतो ना?’ येतो, पण प्रत्येकाने स्वतंत्र विचार केला तरच. ३ जूनला सगळ्यांनी तेच एक्झिट पोल बघून पैसे लावले. म्हणजे एकच आवाज आपण दोनदा ऐकला आणि दोन साक्षीदार मिळाले असं समजलो.

आता आपल्या भागाकडे या. पिंपरी आणि चिंचवड मावळ लोकसभेत, भोसरी आणि चाकण शिरूरमध्ये. दोन्हीकडे मतदान एकाच दिवशी, १३ मेला. मावळात शिंदेंच्या शिवसेनेचे श्रीरंग बारणे जिंकले, शिरूरला शरद पवार गटाचे अमोल कोल्हे. एकाच कंपनीच्या बसने कामाला जाणारी माणसं, दोन उलटे निकाल! त्यातही शॉपफ्लोअरवरच्या कित्येकांचं मत मराठवाड्यात, विदर्भात, गावाकडच्या यादीत. त्यांच्या घरी सोयाबीनच्या भावावर जी चर्चा होते, ती ट्रेडिंग अ‍ॅपवर कुठे दिसणार?

विधानसभेच्या वेळी उलटं झालं. निकालाच्या आदल्या दिवशी, २२ नोव्हेंबरला, सेन्सेक्स १,९६१ अंकांनी उसळला आणि २३ तारखेला महायुतीने मैदान मारलं. ‘बघ, कळलं होतं!’ पण अदानींवरच्या अमेरिकेतल्या आरोपांमुळे आदल्याच दिवशी बाजार पडला होता, त्यानंतरची ती उसळी होती. शिवाय महायुतीच्या त्या लाटेतही चाकण ज्यात येतं, त्या खेड-आळंदीतून ठाकरेंच्या शिवसेनेचे बाबाजी काळे निवडून आले.

सेबीच्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यात आपल्या वयाची पोरं वाढतायत. त्यामुळे पुढच्या निवडणुकीला हिरवा आकडा दिसला की एवढंच विचारा: याला नवीन काही कळलंय, की हाही आपल्यासारखाच टीव्ही बघून बोलतोय?

मित्र आता हे विचारतो. फक्त ते शिकायला त्याला दोन पगार लागले.