झेंडा एक, जकात वेगळी



साम्राज्य म्हणजे तोफा आणि लढाऊ जहाजे, असे आपण शाळेत शिकलो. आमचे म्हणणे वेगळे आहे. साम्राज्याची खरी ओळख पटते ती जकात नाक्यावर. अमेरिकेचेच पाहा.

१८९८ साली अमेरिकेने स्पेनला हरवले. १० डिसेंबरला पॅरिसला तह झाला. पोर्तो रिको आणि ग्वाम ही बेटे अमेरिकेकडे आली. फिलिपाइन्ससाठी तिने स्पेनला दोन कोटी डॉलर मोजले. बैलबाजारात दावे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जावे, तसा हा व्यवहार. बैलाला कोण विचारतो?

इंग्रजांशी लढून मोकळ्या झालेल्या त्या देशात यावर मोठा वाद पेटला. बॉस्टनला साम्राज्यविरोधी लीग उभी राहिली. सिनेटर होअर म्हणाले, लोकांच्या संमतीशिवाय त्यांच्यावर राज्य करणे हे आपल्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला सोडून आहे. बेव्हरिज यांचे म्हणणे, आपला जादा माल खपवायला नवे बाजार हवेत. विरोधकांतही सगळेच साधुसंत नव्हते. काहींना सावळ्या माणसांना बरोबरीचे हक्क द्यायचे नव्हते. बीटवाल्यांना बेटांवरची स्वस्त साखर दारात नको होती. ६ फेब्रुवारी १८९९ ला सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला. लागणाऱ्या दोन तृतीयांशापेक्षा एकच मत जास्त!

आता पोर्तो रिकोच्या शेतकऱ्याचे काय झाले ते बघा. त्याची कॉफी स्पेनमध्ये आणि क्यूबात खपायची. झेंडा बदलला आणि ती दारे परकी झाली. ऑगस्ट १८९९ च्या वादळाने बागा झोपवल्या. अमेरिकेची बाजारपेठ तरी आपली झाली म्हणावे, तर १९०० च्या कायद्याने बेटावरच्या मालाला परदेशी मालाच्या १५ टक्के जकात लावली. डाउन्स नावाच्या व्यापाऱ्याला तिथली संत्री न्यूयॉर्कला उतरवताना ६५९ डॉलर ३५ सेंट भरावे लागले. तो कोर्टात गेला. बेट आपले, मग जकात कसली? २७ मे १९०१ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की जकात योग्यच. बेट अमेरिकेच्या मालकीचे, पण अमेरिकेचा भाग नव्हे!

म्हणजे सालदार घरचा, पण त्याचे ताट ओसरीवर.

दोन महिन्यांत ती जकात उठली. उसाला अमेरिकेचा बाजार मिळाला आणि अमेरिकन कंपन्यांनी जमिनी धरल्या. कॉफीवाला मागेच राहिला. आजही त्या बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही.

हे सगळे कापूस-ज्वारीवाल्याला कशाला सांगायचे? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय मालांवरची जकात ५० टक्क्यांवर नेली. त्याच महिन्यात दिल्लीने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात.

वॉशिंग्टनला आम्हाला मत नाही, हे समजू शकते. दिल्लीत आहे. कापसाचे दार उघडण्याआधी आणि बंद करण्याआधी कापूस पिकवणाऱ्याला विचारा, असा ठराव प्रत्येक जिल्हा बैठकीने करावा आणि आपल्या खासदाराच्या हातात नेऊन द्यावा.