ल्युपस : लघवीचीही साक्ष काढा

शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच उलटावी, असा ल्युपस हा विकार आहे. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन उमेदीतल्या. सांधे दुखतात, चेहऱ्यावर चट्टे उठतात. ही लक्षणे निदान दिसतात तरी. मूत्रपिंडाचा दाह मात्र पुष्कळदा न दुखता वाढतो. त्याची पहिली वर्दी बहुधा लघवीतून मिळते, आणि नेमकी तीच तपासणी दुय्यम मानली जाते.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एल. ई. पेशी'चे वर्णन केले. तिची जागा पुढे 'ए. एन. ए.' या रक्तचाचणीने घेतली. निदानासाठी ही चाचणी मोलाची, यात शंका नाही. परंतु एकदा होकारार्थी आली की ती बहुधा तशीच राहते, मग रोग शांत असो वा भडकलेला. ती वारंवार करवून घेण्यात रुग्णाचा पैसा तेवढा जातो. रोग जागा आहे की निजलेला, हे जाणायचे तर डीएनएविरोधी प्रतिपिंडे आणि सी-३, सी-४ ही प्रथिने पाहावीत. प्रतिपिंडे चढू लागली व ही प्रथिने घसरू लागली, की डॉक्टरांनी सावध व्हावे. अर्थात काहींचे हे आकडे वर्षानुवर्षे बिघडलेले असतात आणि प्रकृती ठणठणीत असते. अशांवर केवळ कागद पाहून स्टेरॉइडचा मारा करणे हा अन्यायच होय.

लघवीतून दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून अधिक प्रथिने जाऊ लागली, तर मूत्रपिंडाच्या बायॉप्सीचा विचार करावा लागतो. प्राथमिक अंदाजासाठी चोवीस तासांची लघवी साठवण्याचीही गरज नाही. सकाळच्या एका नमुन्यातील प्रथिने व क्रिअ‍ॅटिनिन यांचे गुणोत्तर पुरते. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींच्या नळीसारख्या गुठळ्या दिसल्या, तर तो मोठाच इशारा. मात्र नमुना ताजा हवा. तासन् तास पडून राहिला की त्या विरून जातात. खेड्यातून एस. टी.ने शहरात पाठविलेल्या बाटलीचा निर्दोष अहवाल म्हणूनच फसवा ठरू शकतो.

२०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून गरिबांना मोफत डायलिसिस मिळते, हे योग्यच झाले. परंतु मूत्रपिंड निकामी झाल्यावर सढळ होणाऱ्या हाताने ते वाचविणाऱ्या तपासणीच्या वेळी आखडावे, हे कोणते शहाणपण? ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाची लघवी दर तीन महिन्यांनी तालुक्याच्या रुग्णालयातच, ताजी असताना आणि विनामूल्य तपासली जावी, ही मागणी शासनाला जड वाटू नये.