कमी दराचा माल आणि उशिराचे बिल



वार्षिक सभेत एक प्रश्न ठरलेला असतो. "खरेदी सर्वांत कमी दराच्या टेंडरनेच केली ना?" चेअरमनसाहेब होय म्हणतात, टाळ्या पडतात, विषय मंजूर. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. पण गेल्या हंगामात केन कॅरियरची साखळी तुटली तेव्हापासून आमचे हात काही टाळीसाठी उचलत नाहीत.

ती साखळी कमी दराचीच होती. मिल रात्रभर बंद, आणि गाड्यांची रांग गव्हाणीपासून पार सडकेपर्यंत. तोडलेला ऊस म्हणजे गोदामातले सिमेंट नव्हे. कोयता लागला की वजन घटू लागते, साखरही उतरू लागते. ऊन असले तर बघायलाच नको. वजन घटले तर ज्याची गाडी त्याचा तोटा, उतारा घटला तर सगळ्यांचाच, कारण एफआरपी उताऱ्यावर बेतलेली. स्टोअरच्या खात्यात बचत दिसते, नुकसान मात्र सभासदाच्या बिलात निघते. दोन्ही आकडे एका कागदावर कोणी मांडत नाही.

दुसरी गोष्ट बिलांची. चुना, गंधक, बारदान, बेअरिंग पुरवणारे लोक खेटे घालतात आणि "पुढच्या महिन्यात बघू" एवढेच ऐकून परत जातात. आमच्या ओळखीचा एक वर्कशॉपवाला हसत म्हणाला, "दादा, तुमच्या कारखान्याला दर देताना आठ महिन्यांचं व्याज आधीच धरतो." म्हणजे ज्याला आपण कमी दर म्हणतो तोही फुगवलेलाच! आणि ज्याचा माल चांगला, तो हळूहळू कोटेशन देणेच बंद करतो.

आपणही पुरवठादारच आहोत की. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, हे आपल्याला तोंडपाठ आहे. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, हे मात्र कोणाच्या गावी नाही.

साखर महिन्याच्या कोट्याप्रमाणे विकायची, मग पैसा आणायचा कोठून, असे कार्यालय म्हणेल. खरे आहे. उसाचे बिल आधी, यात आमचेही दुमत नाही. पण लहान पुरवठादाराला निदान तारीख तरी सांगा आणि ती पाळा. रोलर, साखळी, बॉयलरच्या ट्यूबा यांच्या ऑर्डरी पट्टा पडल्याबरोबर निघाव्यात. दसऱ्याच्या तोंडावर धावपळ केली की मिळेल तो माल मिळेल त्या दराने घ्यावा लागतो. कोणाचा माल किती दिवस टिकला याची वही स्टोअरमध्ये ठेवावी आणि टेंडर उघडताना दराच्या तक्त्याशेजारी तीही उघडावी.

येत्या सभेला आम्ही दर विचारणार नाही. साखळी किती दिवस चालली आणि तिचे बिल किती दिवसांनी दिले, एवढेच विचारू.