तुतारी-हंस

हंस म्हटला कीं आमच्या वाचकांस मानससरोवर, शारदेचें वाहन आणि नीरक्षीरविवेक हीं आठवतात. परंतु हंसकुळांतील सर्वांत थोर देहाचा पक्षी उत्तर अमेरिकेंत राहतो. तिकडे त्यास ‘ट्रंपेटर स्वान’ म्हणतात. आम्ही त्यास तुतारी-हंस म्हणूं.

हा सर्वांगीं शुभ्र. चोंच मात्र काळीभोर. लांबी सुमारें ५ फूट, पंखांचा विस्तार ७ फुटांहून अधिक, आणि मोठ्या नराचें वजन १२ किलोंच्या आसपास. इतका भार उचलावयाचा म्हणून तो पाण्यावरून दूरवर धांवत जाऊन मग उडतो. त्याची श्वासनलिका उरोस्थीच्या पोकळींत वेटोळें घेते. आवाज तुतारीसारखा खोल व घुमणारा.

जोडपें बहुधा आजन्म एकत्र राहतें. बीव्हर किंवा मस्करॅट या जलचर प्राण्यांनीं रचलेल्या ढिगावर पुष्कळदां त्यांचें घरटें असतें. मादी ४ ते ६ अंडीं घालते व सुमारें ५ आठवडे तीं उबविते. ऊब देण्यास पडदेदार पायांचाही उपयोग करते. पिलें करड्या रंगाचीं असतात. मायबाप पायांनीं चिखल ढवळून पाणवनस्पतींचीं मुळें मोकळीं करितात, आणि वर आलेलें भक्ष्य पिलें टिपतात.

अशा या पक्ष्याचा मनुष्यानें जवळजवळ निःपात केला. त्याच्या पिसांच्या लेखण्या उत्तम होत. पक्षिचित्रकार ऑडुबॉन सूक्ष्म रेखनासाठीं त्याच वापरी. हडसन्स बे कंपनीनें १८५३ ते १८७७ या काळांत हंसांचीं १७,६७१ कातडीं विकलीं. शारदेच्या उपासकांनीं तिच्याच वाहनाचे पंख उपटावे, हा विचित्र योग नव्हे काय? १९३५ सालीं मोंटाना प्रांतांतील रेड रॉक सरोवरांवर अभयारण्य स्थापन झालें, तेव्हां अलास्का वगळतां संयुक्त संस्थानांत शंभराहूनही कमी हंस ज्ञात होते. पुढें अलास्कांत आणखी आढळले, संरक्षणहि लाभलें, आणि २०१५ च्या गणनेंत उत्तर अमेरिकेंतील संख्या ६०,००० च्या वर भरली.

तथापि संकट टळलें नाहीं. अन्न दळण्यासाठीं हंस तळचे बारीक खडे गिळतो, आणि त्यांबरोबर शिकाऱ्यांचे शिशाचे छर्रे पोटांत जाऊन विषबाधेनें मरतो. पाणपक्ष्यांच्या शिकारींत असे छर्रे वापरण्यास तेथें १९९१ पासून देशभर बंदी आहे. पण जुनें शिसें चिखलांत पडूनच आहे. दूध व पाणी निवडण्याची कीर्ति ज्याची, त्याला खडा व शिसें निवडतां येत नाहीं. तो विवेक मनुष्यानेंच करावयाचा आहे.