‘५९’पासून ‘४३१७०८’पर्यंत : डिव्हाइनचा धडा लोह्यात पोहोचला, पण अर्धाच

मुंबईत अंधेरी पूर्वेला जे. बी. नगर नावाची वस्ती आहे. लोह्याचा तिच्याशी काही संबंध नाही. तरीही नांदेड-लातूर रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावात विशीतल्या पोरांच्या मोबाइलमध्ये त्या वस्तीतून आलेल्या रॅपरची गाणी हमखास सापडतात. पोरे स्वतः रील करतात तेव्हा ‘बंटाय’, ‘भाई’, ‘अपुन’ हे शब्दही ओघाने येतात. लोह्यात गल्ल्या भरपूर आहेत. ‘अपुन’ मात्र इथे घरात कोणी म्हणत नाही.

हा रॅपर म्हणजे विवियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन. वय अजून चाळिशीच्या आत, पण भारतीय हिप हॉपमध्ये तो आता जुन्याजाणत्यांत मोजला जातो. ‘ये मेरा बॉम्बे’ हे गाणे २०१३ चे. म्हणजे आज कॉलेजात असलेले पोर तेव्हा पहिली-दुसरीत होते. एवढ्या वर्षांत कित्येक रॅपर आले नि विरले, डिव्हाइनचा प्रभाव टिकला. तो नेमका कशामुळे टिकला, याचे उत्तर मात्र लोह्यासारख्या ठिकाणी चुकीचे काढले जात आहे.

डिव्हाइनने काय बदलले?

हिप हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने एका इमारतीत केलेली पार्टी ही त्याची जन्मतारीख मानली जाते. भारतात रॅप पोहोचला तो नव्वदच्या दशकात, बाबा सहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’मधून, गमतीचा प्रकार म्हणून. पुढची वीसेक वर्षे तो बहुतांशी तसाच राहिला. लग्नात, पार्टीत, सिनेमातल्या गाण्याच्या मधल्या तुकड्यात वाजायचा.

विवियनला हा प्रकार कळला तो शाळेतल्या एका मित्रामुळे. मित्राच्या टी-शर्टवर ‘फिफ्टी सेंट’ या अमेरिकी रॅपरचे चित्र होते. आई परदेशात नोकरीला, सांभाळ आजीकडे. सुरुवातीला तो इंग्रजीत रॅप करायचा. ऐकलेले सगळे इंग्रजीत होते, त्यामुळे ते साहजिकच होते. मग तो मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीत आला. त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. नंतरचा प्रत्येक पुरस्कार आणि प्रत्येक करार याच निर्णयाच्या पोटातून आला आहे.

दुसरी गोष्ट पत्त्याची. अंधेरी पूर्वेच्या त्या भागाचा पिन कोड ४०००५९. त्यातले ‘५९’ डिव्हाइनने मानाच्या बिल्ल्यासारखे मिरवले. कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझीने आपला ‘७०’ असाच मिरवला. नेझीचे ‘आफत’ हे २०१४ चे गाणे आयपॅडवर तयार झाले होते, स्टुडिओ नव्हताच. या दोघांचे ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये आले आणि ज्या पत्त्यामुळे नोकरीच्या अर्जात पोरे कचरत होती, तोच पत्ता गाण्याचा विषय झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि हे सगळे खेड्यापाड्यांतल्या मोबाइलवर उतरले. १४ फेब्रुवारी २०१९ ला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला. त्यातला मुराद नेझीवरून, एमसी शेर डिव्हाइनवरून सुचलेला. न्यूयॉर्कचा दिग्गज रॅपर नास या चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांपैकी एक होता आणि त्याच वर्षी त्याच्या मास अपील कंपनीची भारतातली शाखा डिव्हाइनला घेऊन सुरू झाली.

पुढचा डिव्हाइन थोडा वेगळा आहे. ‘कोहिनूर’, ‘पुण्य पाप’, ‘गुन्हेगार’ या अल्बममध्ये गल्लीपेक्षा यश, पैसा आणि त्यांचे ओझे जास्त बोलते. काही जुन्या चाहत्यांना ते खटकते. पण यश मिळालेल्या माणसाने गरिबीचे नाटक चालू ठेवावे, ही अपेक्षाही विचित्रच. जे स्वतःचे आहे ते बोलायचे, हा नियम त्याने तिथेही पाळला असे म्हणता येईल.

मग लोह्यात अडते कुठे?

‘स्वतःची गल्ली, स्वतःची भाषा’ हा डिव्हाइनचा धडा. लोह्यात, कंधारात, अहमदपुरात पोरांनी उचलली ती डिव्हाइनची गल्ली आणि डिव्हाइनची भाषा. तो इंग्रजीतून घरच्या बोलीत आला. इथली पोरे घरच्या बोलीतून त्याच्या बोलीत गेली. प्रवास नेमका उलटा झाला.

परिणाम ऐकताना कळतो. घरी सोयाबीनची चार एकरे असलेला मुलगा झोपडपट्टी, पोलिसांचा छापा आणि लोकलच्या गर्दीबद्दल रॅप करतो. लोह्याला लोकल नाही. इथल्या पोरांकडे सांगण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सौदे त्याखाली होत होते. भाऊ चाकणच्या कंपनीत कंत्राटावर आहे, दुसरा पुण्याच्या पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या वर्षात आहे, तांड्यावरचे शेजारी दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आहेत. मोंढ्यात काटा कसा लावतात हे त्याला डोळे मिटून सांगता येईल. यातले काहीच गाण्यात येत नाही, कारण हे सगळे ‘रॅपसारखे वाटत नाही’.

दोष फक्त पोरांचा नाही. मराठवाड्याची बोली मराठी सिनेमा-मालिकांत बहुतेक वेळा नोकराला, वॉचमनला किंवा विनोदी पात्राला दिली जाते. पुण्याच्या वसतिगृहात ‘कामून’ किंवा ‘मनून’ तोंडातून निघाले की शेजारचा हसतो. एकदा हसू झाले की मुलगा ते शब्द गिळायला शिकतो. मुंबईची हिंदी त्याला सुरक्षित वाटते; ती परकी असली तरी तिच्यावर कोणी हसत नाही.

पोवाडा म्हणजेच आपला रॅप?

हे वाक्य भाषणांत फार चालते. ‘रॅप काय नवीन आहे, आमच्या शाहिरांनी कधीच केला,’ असे म्हणून टाळ्या मिळतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. डफावरची लय, श्रोत्यांशी थेट बोलणे, सत्तेला सुनावणे हे शाहिरीत आणि रॅपमध्ये सारखे आहे. अण्णा भाऊ साठे, वामनदादा कर्डक यांच्यापासून आजच्या संभाजी भगत यांच्यापर्यंतची परंपरा मराठी रॅपच्या पाठीशी आहेच. तमाशातले सवाल-जवाब आणि कलगी-तुरा हे तर रॅप बॅटलचे सख्खे भाऊ शोभतात.

पण पोवाडा बहुधा दुसऱ्या कोणाचा असतो, वीराचा किंवा एखाद्या घटनेचा. रॅप ‘मी’चा असतो. माझे नाव अमुक, माझे गाव अमुक, माझ्यावर हे गुदरले. मराठीत याच्या सर्वांत जवळ जाते ती जात्यावरची ओवी. पहाटे दळताना बाई स्वतःच्या भावाचे, सासरच्या वेशीचे, स्वतःच्या दुखण्याचे नाव घेऊन यमक जुळवायची, तेही घरच्या बोलीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांचाही आवाज आहे. रॅपचे मूळ शोधत डफापर्यंत जाणाऱ्यांनी जात्यापर्यंतही जायला हरकत नाही. रॅप हा पोरांचाच खेळ, ही समजूतही मग जरा ढिली होईल. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने आदिवासींच्या प्रश्नांवर रॅप करते, ती याच वाटेवरची.

बोलीत रॅप बसतो का?

बसतो, आणि प्रमाण मराठीपेक्षा बरा बसतो. रॅपची रचना साधी असते. चार मात्रांचा एक ‘बार’, असे साधारण सोळा बार मिळून एक कडवे. बीटवर शब्द किती दाटीने बसवायचे आणि यमक कुठे मारायचे, यात कसब. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. त्यामुळे नवशिक्याची प्रत्येक ओळ ‘आहे’, ‘नाही’, ‘झाले’ यांवर संपते आणि रॅप शाळेतल्या कवितेसारखा वाजू लागतो.

नांदेड-लातूरकडे लोक ‘करतोय’, ‘जातोय’ म्हणत नाहीत. ‘करायलालाव’, ‘जायलालाव’ म्हणतात. या ‘ला-लाव’च्या दुहेरी ठोक्यात तबल्यासारखी गती आहे. बाहेरच्याला ती विनोदी वाटते; बीटवर टाकली तर ती आयती लय आहे. शिवाय निजामी अमलाने मागे ठेवलेले दखनी शब्द, सीमेवरून आलेले तेलुगू-कन्नड वळण आणि तांड्यांवरची गोरमाटी, ज्यात होळीच्या लेंगी गीतांची स्वतःचीच जोरकस चाल आहे, एवढा माल एका तालुक्यात क्वचितच सापडतो.

हे करून दाखवलेले लोक आहेत. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटात एमसी मवाली मराठीत आणि २०२२ मध्ये अकाली गेलेला एमसी तोडफोड गुजरातीत रॅप करायचा. प्रत्येकाने आपापली भाषा आणायची, असाच त्यांचा शिरस्ता. आरेच्या जंगलावरच्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात त्यांनी तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांनाच सोबत घेतले. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरने, म्हणजे ‘१०० आरबीएच’ने, वऱ्हाडी ठसका लपवला नाही आणि देशभरचे श्रोते मिळवले. खान्देशातून आलेल्या संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’ने २०२४ मध्ये दाखवले की मराठी गाणे ऐकायला मराठी यावीच लागते असे नाही. तो रॅपपेक्षा पॉप जास्त आहे, हे खरे. पण बाजार भाषेमुळे अडत नाही, एवढे त्यातून कळते.

बोलण्याची किंमत

स्वतःच्या गावाचे बोलायचे म्हणजे गावातल्या माणसांबद्दल बोलायचे, आणि ते सोपे नसते. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातल्या सत्तांतरावर ‘खोक्यां’चा उल्लेख करून रॅप केल्याबद्दल छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर, तर जवळपास त्याच सुमारास ‘भोंगळी केली जनता’ या गाण्याबद्दल मुंबईच्या उमेश खाडेवर गुन्हे दाखल झाले. दोघांनाही लोकांचा पाठिंबा मिळाला, पण पोलीस ठाण्याचे नाव निघाले की गावाकडचे आई-बाप काय म्हणतात, हे सांगायला नको.

दुसरीकडे सोपी वाट खुली आहे. नेत्याच्या वाढदिवसाचे गाणे, निवडणुकीतले प्रचारगीत, मिरवणुकीत डीजेवर वाजणारा ‘दादांचा’ रॅप. त्याचे रोख पैसे मिळतात. ज्याच्याकडे माइक घ्यायलाही पैसे नाहीत त्याने ते नाकारावेत, असे बाहेरून सांगणे फुकाचे आहे. शाहिरांनीही बिदागी घेतली होती. पण सगळे कसब त्यातच मुरले, तर तालुक्याची खरी गोष्ट रेकॉर्ड करायला कोणी उरत नाही. यू-ट्यूबवर फुकट मिळणारा बीट व्यावसायिक वापराला चालत नाही आणि गाणे गाजले की त्यावर हक्क सांगितला जातो, हेही बहुतेक पोरांना पहिला फटका बसल्यावरच कळते. हे सांगायला स्टुडिओ लागत नाही. कॉलेजातला एखादा शिक्षकही सांगू शकतो.

मंच कुठे आहे?

मंच लोहा तालुक्यातच आहे. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा, गाढवांचा बाजार, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड, कुस्त्या, आणि जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव. एकेकाळी शिष्ट घरांत नाक मुरडले जाणाऱ्या लावणीला सरकारी मांडव मिळाला तो याच माळावर. लोककलेला मान कसा द्यायचा, हे या यात्रेला शिकवावे लागणार नाही.

त्याच मांडवात एक संध्याकाळ रॅपला देता येईल. खर्च फारसा नाही. ध्वनिक्षेपक लागलेलेच असतात आणि बीट प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवातल्या लोककलांच्या स्पर्धांशेजारीही अशी जागा निघू शकते. नियम दोनच पुरेत. रचना स्वतःची हवी, आणि बोली घरची. मग ‘४३१७०८’ हा लोह्याचा पिन कोड, जो आजवर फक्त मनीऑर्डरवर आणि आधार कार्डावर दिसला, तो माइकवर कोण कसा उच्चारतो हे ऐकायला यात्रेतला म्हातारा माणूसही दोन मिनिटे थांबेल.