पथ्य प्रामाणिकालाच का?

पथ्य अतिकडक सांगितले की रुग्ण ते पाळत नाही, इतकेच नव्हे तर वैद्यापासून लपवून खाऊ लागतो, हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. द्रव्याचा जसा अतियोग होतो, तसा निर्बंधांचाही होतो. संगणकावरील सॉफ्टवेअरच्या परवान्यांबाबत हेच घडत आहे. आपली चिकित्सालये व औषधालये आता संगणकावर विसंबून असल्याने हा विषय आपल्या नियतकालिकात मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चिकित्सालयातील संगणक अचानक निकामी झाला. रुग्णनोंदी व औषधांची बिले ज्या सॉफ्टवेअरवर होत, ते रीतसर पैसे भरून घेतलेले होते. नोंदींची प्रत मी दर आठवड्यास वेगळी काढून ठेवीत असे. म्हणून नोंदी वाचल्या. परंतु त्या उघडावयाच्या कशा? परवाना जुन्या यंत्राशी जखडलेला होता. विक्रेत्याने नव्या यंत्रासाठी पुन्हा शुल्क मागितले आणि आठ दिवस लावले. त्या काळात जुन्या रुग्णांना पूर्वी कोणते कल्प, किती मात्रेत दिले होते, हे स्मरणावर चालवावे लागले. संगणक दुरुस्त करणारा तरुण मात्र पहिल्याच दिवशी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, याची क्रॅक केलेली कॉपी मिळते. दहा मिनिटांत चालू करून देतो." मी नकार दिला, पण क्षणभर मन डळमळले, हे प्रांजळपणे नमूद करतो. ज्याने पैसे भरले त्याचे काम अडले होते; ज्याने भरले नसते त्याचे अडले नसते.

हा दोष केवळ लहान विक्रेत्यांचा नाही. 2005 मध्ये सोनी बीएमजी या कंपनीने गाण्यांच्या सीडींतून ग्राहकांच्या संगणकात गुपचूप एक संरक्षक सॉफ्टवेअर घातले. त्यामुळे संगणकात व्हायरसला लपावयास जागा मिळाली आणि अखेर त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. हा उपद्रव झाला तो सीडी विकत घेणाऱ्यांना. 2008 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'स्पोर' हा संगणकीय खेळ प्रारंभी केवळ तीन वेळा कार्यान्वित करण्याच्या मर्यादेसह विक्रीस आला. ग्राहक संतापले आणि त्या वर्षी सर्वाधिक चोरल्या गेलेल्या खेळांत त्याची गणना झाली. याउलट ॲपलने 2009 मध्ये आपल्या दुकानातील गाण्यांवरील कुलूप काढून टाकले, तरी गाण्यांची विक्री चालूच राहिली.

आपल्याच क्षेत्रातील उदाहरण पाहा. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेने चरक व सुश्रुत संहिता संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत. त्यांची चोरटी प्रत शोधण्याची गरजच कोणास पडत नाही.

विक्रेत्यांची बाजूही न्याय्य आहे. एक प्रत विकावी आणि ती दहा ठिकाणी बसवलेली आढळावी, तर कष्टाने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने जगावे कसे? परंतु कुलूप चोरास अडवीत नाही. चोरट्या प्रतीतून ते आधीच काढलेले असते. ते अडवते फक्त प्रामाणिकास. निदान चुकले की औषध रोगाऐवजी रुग्णासच पीडा देते, तसाच हा प्रकार.

तथापि चोरटी प्रत हा उपाय नव्हे. प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 63ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस कारावास व 50,000 रुपये दंड होऊ शकतो. शिवाय कुलूप तोडणाऱ्याने आत आणखी काय घातले आहे, हे आपणास कळत नाही. आणि रुग्णाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी त्याच संगणकात असतात. त्याच कायद्यातील कलम 52 मात्र वैध प्रत बाळगणाऱ्यास, नाश वा बिघाडापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा देते, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात. यंत्र बदलल्यास परवाना विनाशुल्क व एका दिवसात हलवून मिळावा. इंटरनेट बंद असतानाही बिल निघावे. सर्व नोंदी एक्सेलसारख्या सर्वपरिचित स्वरूपात बाहेर काढता याव्यात. परवान्याची मुदत संपली तरी जुन्या नोंदी निदान वाचता याव्यात. एकट्या वैद्याचे वा दुकानदाराचे विक्रेता ऐकणार नाही. संघटनेने सर्व सभासदांच्या वतीने या अटी मांडल्यास त्यास ऐकावेच लागेल. आगामी वार्षिक सभेत हा ठराव यावा, अशी माझी विनंती आहे.

पाळता येईल असेच पथ्य सांगावे, हे आपण रुग्णांबाबत जाणतो. विक्रेत्यांनाही ते सांगण्याची वेळ आली आहे.